अक्कांचा चेहरा आणि दोन कॅमेरे

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर चौकटी आखलेला एक कागद धरला आणि विचारलं, "मधलं टिंब दिसतंय का, आंटी?" डाव्या डोळ्यानं टिंब चांगलं ठसठशीत दिसलं. मग त्यांनी डावा डोळा झाकायला लावला. उजव्यानं पाहिलं तर टिंबाच्या जागी, पाटीवर ओलं बोट फिरवावं तसा राखाडी डाग. कडेच्या चौकटी जागच्या जागी होत्या, मधल्या मात्र घाईत घातलेल्या रांगोळीसारख्या वाकड्यातिकड्या.

"वयानं होतं," त्या म्हणाल्या. "इंजेक्शनं घेऊ. आहे ते टिकवता येईल. गेलेलं परत येईल असं मात्र मी सांगणार नाही."

मी शहाण्या बाईसारखी मान डोलावून बाहेर आले. बाकावर आमचे हे बसले होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"मधलं गेलं, कडेचं आहे."

"मग माझ्याकडे जरा तिरकं बघत जा. तसंही तू तेच करतेस."

एवढ्या वर्षांच्या संसारानंतर सांत्वन असंच मिळतं, आणि मला ते असंच आवडतं. पण रिक्षात बसल्यावर मी हिशोब मांडला. वाचायला डावा डोळा पुरे होता. तांदूळ निवडायला, सुनेच्या चेहऱ्यावरची नाराजी ओळखायला, या सगळ्याला डावा पुरे होता. अडत होतं ते एकाच ठिकाणी, कॅमेऱ्यापाशी.

माझा कॅमेरा रेंजफाइंडर जातीचा. डिजिटल, पण जुन्या वळणाचा, पितळी अंगाचा, हातात घेतला की अडकित्त्यासारखा वजनदार. हे निवृत्त झाले तेव्हा आम्ही तो वापरलेलाच घेतला होता. या जातीत आपण भिंगातून बघत नाही. भिंगाच्या वर, एका कोपऱ्यात, वेगळी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. त्या खिडकीच्या बरोबर मधोमध एक फिकट चौकोनी ठिपका असतो आणि त्यात समोरचं माणूस दोनदा दिसतं, एक खरं आणि एक त्याचं भूत. भिंगाची कडी बोटानं फिरवत गेलं की भूत सरकत सरकत खऱ्यावर येतं. दोन्ही एकजीव झाली की माणूस स्पष्ट येणार असं समजायचं आणि खटका दाबायचा. यंत्र यात काही करत नाही. डोळा आणि बोट, बस्स.

आणि माझं गेलं होतं ते नेमकं मधलं. खिडकीच्या चारी कडा दिसायच्या, मधल्या ठिपक्याच्या जागी तो राखाडी डाग. देवानं नेम धरून मारल्यासारखं.

डावा डोळा लावून पाहिला. पण खिडकी असते कॅमेऱ्याच्या डाव्या टोकाला. उजवा डोळा लावला की नाक बाहेर मोकळं राहतं. डावा लावला की ते मागच्या पडद्यावर चेपतं, आणि माझं नाक चेपून घेण्यातलं नाही. आमच्या माहेरची माणसं नाकावरूनच ओळखतात.

एरवी मी म्हटलंही असतं की झाले तेवढे फोटो पुष्कळ झाले. पण एक राहिला होता. अक्कांचा. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. लग्न होऊन मी चामराजपेटेतल्या सासरच्या घरात आले तेव्हापासून माझ्या हातात कॅमेरा आहे, आणि इतक्या वर्षांत अक्कांच्या चेहऱ्याचा एक फोटो मला काढता आलेला नाही.

इथं माझ्या तरुणपणाबद्दल थोडं सांगायला हवं. त्या बाईवर आधी हसून घेतलेलं बरं.

आमचं सासरचं घराणं तीनचारशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून इकडं, कन्नड मुलखात, आलं असं सांगतात. माझ्या लग्नाच्या वेळी घरात एक स्कूटर होती आणि तीही ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. मराठी आमच्या स्वयंपाकघरात आणि देवघरात राहायची, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की कन्नड. अशा घरात मी मामांनी दिलेला फिल्मचा एक रेंजफाइंडर घेऊन आले आणि आल्या आल्या कलावंत झाले. रविवारी सकाळी एका कॅमेरा क्लबात जायचं. खांद्याला शबनम, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, अंगावर हातमागाची साडी, आणि चेहऱ्यावर जगाचं दुःख एकटीलाच कळल्याचा भाव. फोटो काढायची ते डबक्यांचे, बंद दारांचे, विजेच्या खांबांचे. त्यांना नावं देत असे. 'एकांत, एक.' 'एकांत, दोन.' त्यातला चौथा एकांत ही शेजारच्यांची म्हैस होती आणि तिच्याभोवती निम्मी गल्ली उभी होती.

रंगीत फोटो म्हणजे हलवायाचं दुकान, असं मी तेव्हा म्हणत असे. आपोआप फोकस होणारे कॅमेरे निघाले तेव्हा क्लबात उभी राहून बोलले की हे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडानं जेवणं. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पुढच्या वर्षभरात तसलेच कॅमेरे घेतले, पण मी आपली उपाशी राहायला तयार.

रेंजफाइंडरवाल्यांनाच करता येईल अशी एक खास चूक असते, ती मी केलेली आहे. बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं, त्यामुळं भिंगावरचं झाकण काढायचं राहिलं तरी आपल्याला समोरचं सगळं छान दिसत राहतं. नणंदेच्या मुलीचं बारसं मी असं काढलं. पाळणा, गोविंद घ्या गोपाळ घ्या, कानात कुर्र, सगळं. अंधारातल्या उजेडाचा, सावल्यांचा फार विचार करून काढलं. रोल धुऊन आला तो काळाभोर. सासूबाईंनी तो उजेडात धरून पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "पोरीला दृष्ट लागू नये म्हणून काढलेस ना असे? बरं केलंस." ती मुलगी आता स्वतः आजी व्हायच्या बेतात आहे आणि अजून मला भेटली की विचारते, "मामी, माझ्या बारशाचे फोटो सापडले का?"

तर असल्या कलावंतिणीला रविवारी घराबाहेर सोडत कोण होतं? अक्का. पाहुणे असोत, पुरण असो, लोणच्याच्या कैऱ्या फोडायच्या असोत, अक्का म्हणायच्या, "जा गं धाकटे. तुझे खांब वाट बघत असतील." सासूबाईंनी माझी चौकशी केली की सांगायच्या, "मार्केटात गेलीय, कोथिंबिरीला." मी उगवायची जेवणं होता होता, आणि कोथिंबिरीशिवाय. मग अक्का परसातून चार काड्या खुडून आणायच्या आणि माझ्या हातात कोंबायच्या. माझ्या सगळ्या एकांतांच्या मागं त्या चुलीपाशी उभ्या होत्या. हे मला तेव्हा कळत होतं का? कळत होतं. मी फोटो काढून उतराई व्हायला बघत होते. पण कॅमेरा वर केला की त्या पाठ फिरवायच्या.

असंच कधीतरी एकदा, शेवया वळताना, त्यांनी कारण सांगितलं. त्यांच्या लग्नाच्या खटपटीत माहेरच्यांनी त्यांना स्टुडिओत नेऊन फोटो काढवला होता. फोटोवाल्यानं आपल्या हौसेनं त्यांना गोरं केलं, गालावरचा तीळ पुसला. तो फोटो पाहून मुलाकडचे लोक आनंदानं आले, उप्पीट खाल्लं, अक्कांकडे पाहिलं आणि फोटोकडे पाहिलं. मुलाची आत्या म्हणाली, "फोटोतली मुलगी कुठं आहे?"

"मी समोर बसले होते," अक्का म्हणाल्या. "तेव्हा ठरवलं, आता मी आहे ती समोर बघून घ्या. कागदावर नको."

मी शेवया वळत राहिले.

डॉक्टरीणबाईंकडून आल्यावर मी घरात गप्प गप्प होते, तेव्हा सुनेनं विषय काढला. आम्ही आता मुलाकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटमध्ये राहतो. सून पुण्याची, नोकरीसाठी इकडं आली आणि आमच्या मुलाला भेटली. हुशार आहे, प्रेमळ आहे, आणि कुठल्याही दुःखावर तिच्याकडे एखादं मशीन असतं.

"आई, लिसन. मिररलेस घ्या. त्यात आय-ऑटोफोकस असतो. समोरच्या माणसाचा डोळा तो स्वतः शोधतो."

"माझा हरवलाय तो शोधेल का?"

"आई, प्लीज. आय ॲम सीरियस."

मी पण होते. तिच्याबरोबर कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं माझा जुना कॅमेरा हातात घेऊन असा फिरवला की मला वाटलं आता तो त्याची पत्रिका मागणार. म्हणाला, "अम्मा, याला गिऱ्हाईक आहे. हा द्या, नवा घेऊन जा." दोन्ही ठेवण्याइतकी आमची ऐपत नव्हती, आणि असती तरी मी ठेवले नसते. न वापरता कपाटात ठेवलेल्या भिंगाला आतून बुरशी येते. आठवण म्हणून ठेवायचं आणि बुरशीला द्यायचं, हे मला पटत नाही. म्हणजे निवडणं आलं.

मी विचार करते म्हटल्यावर सुनेनं तोच नवा कॅमेरा नवरात्रापुरता भाड्यानं आणला. "आधी वापरून बघा. मग डिसाइड करा." या मुलीचे उपकार मी तिच्या तोंडावर कधी मानत नाही, म्हणून इथं मानते.

नवा कॅमेरा वजनाला हलका. त्याच्या पोटात याद्यांवर याद्या, एक उघडावी तर आत आणखी चार. नात शेजारी बसून शिकवायची, "आज्जी, अर्धंच दाब. अर्धं. पूर्ण नाही." पहिले काही फोटो मी आमच्या सोफ्याचे काढले, दोन माझ्या पायांचे. मग बाल्कनीत पेपर वाचत बसलेल्या ह्यांच्यावर कॅमेरा धरला. पडद्यावर एक हिरवा चौकोन आला आणि ह्यांच्या डाव्या डोळ्यावर जाऊन बसला. ह्यांनी मान वळवली, चौकोन बरोबर वळला. हे कॉफी प्यायला लागले, चौकोन पेल्यावरून बघत राहिला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मीही ह्यांच्याकडे अशीच बघत असेन, पुढं कामं वाढली.

फोटो पाहिला तर ह्यांनी दाढी करताना कुठं कुठं कुचराई केलीय ते दिसत होतं. मी ह्यांना दाखवला. म्हणाले, "चांगला आहे. पण हा तू काढलास की त्यानं?"

हे बोलणं मला लागलं. कारण ते माझंच होतं, क्लबात उभं राहून केलेलं.

जुन्या कॅमेऱ्याचा एक हातखंडा माझ्यापाशी अजून होता. भिंगाच्या कडीवर अंतराचे आकडे असतात. समोरचं माणूस किती लांब आहे हे ठाऊक असेल तर ठिपक्यात बघायची गरजच नाही, आकडा लावायचा आणि खटका दाबायचा. एचएसआरच्या फ्लॅटमधली अंतरं मला अजून कळत नाहीत, तिथलं सगळंच सारखं वाटतं. पण चामराजपेटेतलं घर मला अंगानं पाठ आहे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून ओटा किती, पाटावरवंटा किती, खिडकीखालची अक्कांची बसायची जागा किती. म्हटलं, तिथं जाऊ. तिथं जुना कॅमेरा हरला तर हरला. दोघांना अक्कांसमोर उभं करू, मग काय ते ठरवू.

घट बसायच्या आदल्या दिवशी गेले. त्या दिवशी अक्का गोंबे मांडतात. गोंबे म्हणजे दसऱ्याच्या बाहुल्या. आमच्यासारखी इथली जुनी मराठी घरं देवघरात घट बसवतात आणि बैठकीत पायऱ्या करून गोंबेही मांडतात, दोन्हीकडच्या देवांना नाराज करायला नको म्हणून. अक्कांचा मुलगा आणि सून कामावर गेलेले. घरात अक्का एकट्या, पायऱ्यांवर पांढरं धोतर अंथरून, पेट्यांमधून एकेक गोंबे काढून फडक्यानं पुसत होत्या. ऐंशी ओलांडलीय, पण त्यांच्या हातातून अजून एक बाहुली पडलेली नाही.

"आलीस? आणि दोन दोन गळ्यात अडकवून? एकानं भागत नाही का?"

"एक ठेवायचा, एक द्यायचा, अक्का. कुठला ते ठरवायचंय."

"नशीबवान आहेस. आम्हाला मुलगा एकच दाखवायचे, आणि हो म्हणायचं." फडकं झटकून त्यांनी विचारलं, "डोळ्याचं काय झालं?"

"मधलं गेलं. कडेचं दिसतं."

"मग मी दिसते ना?"

"का?"

"मी कडेलाच असते."

त्या हसल्या, म्हणून मीही हसले. मग त्या कॉफी करायला आत गेल्या आणि मी जुना कॅमेरा घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. आकडा लावला. कॅमेरा डोळ्याला लावलाही नाही, छातीशी धरला, जणू गळ्यात आहे म्हणून आहे. अक्का दुधाकडे बघत होत्या. खिडकीतला उजेड त्यांच्या गालावर होता. मी खटका दाबला, आणि तो दाबण्याच्या नेमक्या आधी त्यांनी साखरेच्या डब्यासाठी हात वर केला. त्यांना कसं कळतं, देव जाणे. पडद्यावर पाहिलं. ओटा स्पष्ट, पातेलं स्पष्ट, वाफ सुंदर, आणि चेहऱ्याच्या जागी कोपर. अक्कांच्या कोपरांचा संग्रह माझ्याइतका कुणाकडे नसेल.

म्हणजे जुना कॅमेरा हरला नव्हता. त्यानं त्याचं काम चोख केलं होतं. मीच जिथल्या तिथं होते.

कॉफी झाली. अक्का परत गोंब्यांकडे वळल्या, पाठ माझ्याकडे. मी नवा कॅमेरा काढला. त्याचा पडदा वर उचलता येतो, कॅमेरा पोटाशी धरून विहिरीत वाकून पाहावं तसं बघता येतं, दोन्ही डोळ्यांनी. मी तसं पाहिलं आणि मला हसू आवरेना.

पडद्यावर हिरवे चौकोन उड्या मारत होते. अक्कांच्या माहेरहून लग्नात आलेले लाकडी राजा-राणी, त्यांच्यावर चौकोन. धान्याच्या राशी पुढं मांडून बसलेला शेट्टी आणि त्याची शेट्टीण, त्यांच्यावर चौकोन. वरातीतले वाजंत्रीवाले, एकेकावर. नातवंडांनी मध्येच घुसवलेली प्लॅस्टिकची क्रिकेट टीम, त्यातल्या विकेटकीपरवरसुद्धा.

"काय झालं हसायला?" अक्कांनी मागं न बघता विचारलं.

"कॅमेऱ्याला तुमचे गोंबे माणसं वाटतायत."

"म्हणजे?"

"तो माणसांचे डोळे शोधतो आणि त्यावर चौकोन काढतो."

"दाखव."

फडकं खांद्यावर टाकून त्या माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि पडद्यात वाकल्या. मी कॅमेरा हळूहळू पायऱ्यांवरून फिरवला. चौकोन राणीवरून राजावर, राजावरून शेट्टीणीवर.

"अगं, हिच्यावर पण? हिचं नाक केव्हाच उडालंय."

"डोळे आहेत ना. त्याला तेवढं पुरतं."

त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मघाशी मी तिथं उभी होते तेव्हा माझ्यावर आला होता?"

"नाही."

"का?"

"तुमची पाठ होती. त्याला पाठ म्हणजे भिंत."

अक्का शेट्टीणीकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे ह्या नकटीला तो माणूस म्हणतो आणि मला नाही."

मी कॅमेरा तसाच पोटाशी धरून ठेवला.

"स्वल्प बाजूला सर," असं म्हणून त्यांनी फडकं माझ्या खांद्यावर टाकलं, पायऱ्यांशेजारी जाऊन उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, आणि वळल्या. सरळ माझ्याकडे. माझ्याकडे कुठल्या, कॅमेऱ्याकडे.

"आला?"

मी पडद्यात पाहिलं. चौकोन राणीच्या डोळ्यावर ठाण मांडून बसलेला.

"राणीवर आहे."

"तिला म्हणावं, थोरली मी आहे."

मी कॅमेरा किंचित वळवला. चौकोन थरथरला, राणीला सोडून उडाला आणि अक्कांच्या उजव्या डोळ्यावर येऊन बसला.

"आला."

आणि अक्कांचा चेहरा उघडला. यापेक्षा बरा शब्द मला सापडत नाही. ऐंशीच्या पुढच्या त्या चेहऱ्यावर वर्गात नाव पुकारलेल्या मुलीचा भाव आला. मी दाबलं. हा कॅमेरा आवाज करत नाही, सुनेनं तो बंद करून दिला होता, त्यामुळं अक्कांना पत्ता नाही. "कुठल्या डोळ्यावर?" "उजव्या." त्यांनी मान तिरकी केली. "आता?" "डाव्या." मग त्यांनी एक डोळा हातानं झाकून पाहिला. हनुवटी वर केली, खाली केली. वाजंत्रीवाला उचलून चेहऱ्याशेजारी धरला आणि विचारलं, "आता आमच्या दोघांत कोण?" "तुम्हीच." "हं," त्या म्हणाल्या आणि त्याला जागेवर ठेवला. शेवटी मला जीभ दाखवली. मी दाबत होते. माझा उजवा डोळा मधून पुसलेला, डावा शाबूत, नाक मोकळं, आणि बोट चालू.

फोटो दाखवायची वेळ आली तेव्हा मी घाबरले होते. अक्का खुर्चीत बसल्या. कॅमेरा मांडीवर घेतला. आधी त्यांनी एकच विचारलं, "हा उजळ करतो का?"

"सोय आहे त्यात. मी बंद केलीय."

त्या चेहरा मोठा करून बघायला लागल्या. फोनवर पणतवंडांचे फोटो मोठे करायची सवय आहे, बोटं तशीच चालली. गालावरचा तीळ. ओठाखाली तेल उडून पडलेला जुना डाग. डोळ्यांखालच्या बारीक बारीक रेघा, पापणीचा एकेक केस. माझ्या तरुणपणीच्या कलावंतिणीला हा फोटो मुळीच आवडला नसता. तिनं म्हटलं असतं, फार स्पष्ट आहे, मऊपणा नाही, गूढ नाही. पण ते सगळं तिला डबक्यांत सापडत होतं, माणसाला काय हवंय हे तिनं विचारलं नव्हतं.

"सावळी आलेय," अक्का म्हणाल्या.

"आहातच."

"हां. म्हणून म्हणते, बरोबर आलाय." अजून थोडा वेळ बघून त्या म्हणाल्या, "हा फोटो तेव्हा पाठवला असता तर ते लोक आलेच नसते. आमचं उप्पीट वाचलं असतं."

"आणि मग या घरात आला असता का तुम्ही?"

"आले असते की. भावजींनी तुझा फोटो मागितला होता का? यांनीही नव्हता मागितला. यांनी निरोप पाठवला होता, मुलगी पाहायला येतोय, फोटो नको." अक्कांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं नाव निघालं की अक्का पदर सारखा करतात, तसा केला. मग कॅमेरा माझ्या हातात देत म्हणाल्या, "मोठा करून दे. मुलाला सांग, यांच्या शेजारी लावायचा. आत्ताच लाव म्हणावं, मी गेल्यावर नको. मला बघायचाय."

परत येताना रिक्षा मार्केटपाशी अडकली होती. मी मांडीवर दोन्ही कॅमेरे घेऊन बसले होते. ह्यांचा प्रश्न आठवला, हा तू काढलास की त्यानं. आता मला उत्तर देता आलं असतं. डोळा त्यानं शोधला, हे कबूल. पण जुन्या कॅमेऱ्यानं अक्का माझ्याकडे कधी वळल्या नसत्या, त्याच्या खिडकीत दुसऱ्या कुणाला वाकून बघताच येत नाही. ती खिडकी एका डोळ्याची, एकटीची. एवढी वर्षं मी तिच्यामागं सुखात राहिले. या नव्याच्या पडद्यात आम्ही दोघी एकदम वाकलो होतो.

नवरात्र संपलं आणि मी सुनेबरोबर जुना देऊन नवा घ्यायला गेले. दुकानदारानं जुना कॅमेरा पुसला, भिंग उजेडात धरून पाहिलं, मान डोलावून म्हणाला, "सरी अम्मा, चांगला ठेवलाय." मी त्याच्या अंगावरून एकदा अंगठा फिरवला, जिथं काळा रंग जाऊन पितळ उघडं पडलं होतं तिथं. ते पितळ माझ्या अंगठ्यानं उघडं पडलं होतं. नमस्कार करावासा वाटला, पण सून बघत होती. बघते तर सूनच डोळे पुसत होती. म्हटलं, "अगं, तू का रडतेस? मशीन आहे." ती म्हणाली, "आई, तुम्ही रडत नाही म्हणून."

त्या कॅमेऱ्यानं मला पंधराएक वर्षं बोटानं बघायला शिकवलं. मामांच्या कॅमेऱ्यानं त्याआधी. ज्यानं तो आता घेतला असेल त्याचे दोन्ही डोळे चांगले असोत. आणि त्यानं झाकण काढायला विसरू नये.

अक्कांचा फोटो त्यांच्या यजमानांशेजारी लागला. येणारे-जाणारे विचारतात, "जिवंत माणसाचा फोटो भिंतीवर?" अक्का म्हणतात, "मग काय, तोंडानं सांगू मी कशी दिसते?"

त्यानंतर मात्र माझी पंचाईत झालीय. अक्कांना चटक लागली. नवी साडी नेसली की फोन. न्हाणं झालं, केस मोकळे आहेत, की फोन. परवा सकाळी हे चहा घेत होते आणि माझा फोन वाजला.

"धाकटे, लोणी कढवायला घेतेय. ह्या वेळेला खिडकीतून चेहऱ्यावर चांगला उजेड असतो. येतेस का?"

"अक्का, एचएसआरहून यायला वेळ लागतो हो. तूप करपेल."

"मंद ठेवते," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

ह्यांनी रिक्षा बोलावली. मी कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावली.